एकदा सांगायचं, वीस वेळा करून घ्यायचं

धार काढून, चुलीवर भात ठेवून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या तायांना, मावश्यांना आणि दप्तर बाजूला ठेवून ऐकणाऱ्या मुलींना आम्हा गट समन्वयक मैत्रिणींचा नमस्कार.

आजचा विषय कम्प्युटरचा आहे. पण रेडिओ बंद करू नका. विषय कम्प्युटरचा असला तरी गोष्ट बायकांची आहे. आणि ज्या कामाची ही गोष्ट आहे, ते काम तुम्ही-आम्ही रोज करतो. तेच काम, पुन्हा पुन्हा.

एमएस-सीआयटीचा कोर्स करणाऱ्या मुली आम्हाला विचारतात, "ताई, कम्प्युटरवर तो काळा पडदा उघडतो, त्याचा उपयोग काय?" त्या काळ्या पडद्याला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात. तिथे चित्रं नसतात, बटणं नसतात. एक बारीक रेघ चमकत असते. आपण हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं, कम्प्युटर तो पाळतो. हुकूम म्हणजेच कमांड.

समजा आपल्या गटात वीस सभासद आहेत आणि प्रत्येकीच्या कागदपत्रांसाठी कम्प्युटरवर वेगळं फोल्डर हवं आहे. हातानं करायचं तर एकच काम वीस वेळा. काळ्या पडद्यावर मात्र एक ओळ पुरते. मासिकात वाचणाऱ्यांसाठी ती ओळ अशी:

फॉर /एल %आय इन (१,१,२०) डू एमडी सभासद%आय

टाइप करताना ही सगळी अक्षरं आणि आकडे इंग्रजीतून टाकायचे. एंटर दाबलं की पापणी लवायच्या आत वीस फोल्डर तयार होतात. सभासद१, सभासद२, असं करत सभासद२० पर्यंत. 'एमडी' म्हणजे फोल्डर बनव. 'डू' म्हणजे कर. कंसातले तीन आकडे नीट पाहा. पहिला सांगतो, एकपासून सुरू कर. दुसरा सांगतो, दर वेळी एकनं पुढे जा. तिसरा सांगतो, वीसपर्यंत करून थांब. सुरुवात, पायरी आणि शेवट. याला लूप म्हणतात. आपण त्याला फेरा म्हणू.

हे आपल्याला नवीन नाही. गटातून दहा हजारांचं कर्ज घेतलं, महिन्याला शेकडा एक रुपया व्याज, मुद्दल हजाराच्या दहा हप्त्यांत फेडायचं. हिशोब कसा करतो आपण? पहिल्या महिन्यात व्याज शंभर रुपये. हजार फिटले, उरले नऊ हजार, दुसऱ्या महिन्यात व्याज नव्वद. मग ऐंशी, सत्तर, असं करत शेवटच्या महिन्यात दहा. एकूण व्याज साडेपाचशे. दर महिन्याला कृती तीच, फक्त आकडा बदलतो, आणि बाकी शून्य झाली की थांबायचं. नोंदवही लिहिणारी प्रत्येक सचिव हा फेरा हातानं फिरवते.

मग प्रश्न असा, की हा फेरा यंत्राला कुणी शिकवला? त्याचा इतिहास दोनशे वर्षांपेक्षा जुना आहे, आणि तो मागापासून सुरू होतो.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात रेशमाचं विणकाम मोठं. नक्षीचं कापड विणायचं तर दर ओळीला कुठले धागे वर उचलायचे हे ठरवावं लागतं. जुन्या मागावर त्यासाठी एक मदतनीस लागायचा, पुष्कळदा लहान पोर. दिवसभर दोऱ्या ओढायच्या, एवढंच त्याचं काम. १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जकार्ड नावाच्या माणसानं मागावर जाड पुठ्ठ्याची कार्डं बसवली. कार्डाला भोकं पाडलेली. भोक असेल तिथे आकडा वर जातो आणि धागा उचलतो, भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे नक्षीची एक ओळ. अशी शेकडो कार्डं दोरीनं एकमेकांना ओवायची आणि शेवटचं कार्ड पहिल्याला जोडायचं. माळ फिरत राहते आणि तेच फूल कापडावर पुन्हा पुन्हा उमटतं. सोलापुरी चादर तुमच्या घरात असेल तर तिच्यावरची नक्षी बघा. ती जकार्ड मागाचीच करामत. तेच फूल, तोच मोर ओळीनं येत राहतो, कारण कार्डांची माळ फिरत असते.

ही झाली धाग्यांची गोष्ट. आता आकड्यांकडे वळू.

त्या काळात आकडेमोड बहुतेक हातानंच व्हायची. दर्यावर्दींना, जमीन मोजणाऱ्यांना, ग्रहताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना आकड्यांची कोष्टकं लागायची. तयार उत्तरांची जाडजूड पुस्तकंच म्हणा. ती माणसं हातानं तयार करायची. १७९० च्या दशकात फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी या इंजिनिअरनं या कामाची वाटणी केली. वर मोजके गणिती. मधे थोडे लोक, ज्यांनी काम पायऱ्यांत मांडायचं. आणि खाली साठ ते ऐंशी माणसं, ज्यांना फक्त बेरीज-वजाबाकी यायला हवी. दिवसभर बेरीज, वजाबाकी, पुन्हा बेरीज. अशा आकडेमोड करणाऱ्या माणसाला इंग्रजीत 'कम्प्युटर' म्हणायचे. हे लक्षात ठेवा. कम्प्युटर हे आधी यंत्राचं नव्हे, माणसाच्या नोकरीचं नाव होतं.

या छापील कोष्टकांत चुका फार. कोष्टक चुकलं की जहाजाचा मार्ग चुकण्याची भीती. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज नावाच्या गणितज्ञाला या चुकांचा वैताग आला. १८२१ मध्ये तो मित्राबरोबर अशीच कोष्टकं तपासत बसला असताना त्याच्या मनात आलं, की हे काम वाफेच्या यंत्रानं का होऊ नये? पुढे त्यानं एका मोठ्या गणिती यंत्राचा आराखडा केला. त्याला हुकूम द्यायची रीत त्यानं उचलली ती थेट जकार्डच्या मागावरून. भोकं पाडलेली कार्डं.

आणि इथे आपली पहिली बाई येते. एडा लव्हलेस. जन्म १८१५ चा. वडील नामांकित कवी लॉर्ड बायरन, पण एडा तान्ही असतानाच आईवडील वेगळे झाले. आईला गणिताची गोडी, तिनं मुलीला गणित शिकवलं. सतराव्या वर्षी एडाची आणि बॅबेजची ओळख झाली. पुढे लग्न, तीन मुलं, सततचं आजारपण, आणि त्यातच अभ्यास चालू. बॅबेजच्या यंत्रावर इटलीच्या एका इंजिनिअरनं फ्रेंचमध्ये लेख लिहिला होता. एडानं त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि सोबत स्वतःची टिपणं जोडली. मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट भरली ती टिपणं. १८४३ मध्ये ती छापली गेली. खाली पूर्ण नाव नाही, फक्त आद्याक्षरं.

त्या टिपणांत एडानं आपला फेरा स्पष्ट मांडला. गणित करताना कृतींचा तोच तोच संच पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा त्याची कार्डं प्रत्येक वेळी नव्यानं करायची गरज नाही. तीच कार्डं मागे घेऊन पुन्हा चालवायची. एका फेऱ्याच्या पोटात दुसरा फेरा असू शकतो, हेही तिनं सांगितलं. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्षाचे बारा महिने हा बाहेरचा फेरा, आणि प्रत्येक महिन्यात वीस सभासदांची बचत घ्यायची हा आतला. शेवटच्या टिपणात तिनं बर्नुली नावाच्या संख्यांची मालिका यंत्रानं कशी काढायची ते कोष्टक मांडून दाखवलं. या मालिकेतली पुढची संख्या काढायला आधीच्या संख्या लागतात, म्हणून फेरा हवाच. या कामासाठी एडाला जगातली पहिली प्रोग्रामर म्हणतात. त्यातलं तिचं किती आणि बॅबेजचं किती यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण फेऱ्याची गोष्ट तिनं इतकी नीट समजावून छापली, याबद्दल वाद नाही.

अजून एक गोष्ट तिनं लिहिली. हे यंत्र आपणहून काही नवीन काढणार नाही, आपल्याला जे सांगता येतं तेवढंच ते करील, असं तिचं म्हणणं होतं. ती वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, १८५२ मध्ये कर्करोगानं गेली. बॅबेजचं ते यंत्र त्याच्या हयातीत पुरं झालंच नाही. पुढची शंभर वर्षं फेरे फिरवायला माणसंच होती, आणि हळूहळू त्यांत बायका वाढत गेल्या.

का वाढल्या? कारण बायकांना पगार कमी दिला तरी चालायचा. अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत रात्री आकाशाचे फोटो काचेवर घेतले जायचे आणि दिवसा बायका भिंगातून एकेक तारा तपासून नोंद करायच्या. तासाला साधारण पंचवीस सेंट मिळायचे. त्यांतली विल्यमिना फ्लेमिंग ही मूळची स्कॉटलंडची. ती गरोदर असताना नवरा सोडून गेला. वेधशाळेच्या संचालकांच्या घरी ती कामवाली म्हणून लागली, १८८१ मध्ये वेधशाळेत रुजू झाली, आणि पुढे हजारो ताऱ्यांची वर्गवारी तिच्या हातून झाली. आकाशात घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा एक काळा ढग आहे, तो १८८८ मध्ये फोटोच्या काचेवर पहिल्यांदा तिला सापडला. १९०० सालच्या रोजनिशीत तिनं लिहून ठेवलं आहे, की पुरुषांना मिळतो त्यापेक्षा आपला पगार कितीतरी कमी आहे. रोजगार हमीवर आणि शेतमजुरीत समान दामासाठी भांडलेल्या आपल्या आज्यांना ही ओळ कुणी समजावून सांगायला नको.

मग आलं दुसरं महायुद्ध. तोफेचा गोळा किती कोनात डागला तर कुठे पडेल, याची कोष्टकं सैन्याला हवी होती. गोळ्याचा मार्ग एका सूत्रात निघत नाही. क्षणाक्षणाचा हिशोब करावा लागतो. या क्षणी गोळा इथे, वेग इतका, हवेचा विरोध इतका, मग पुढच्या क्षणी कुठे? ते उत्तर घ्यायचं आणि पुन्हा तेच गणित. फिलाडेल्फिया शहरात गणित शिकलेल्या मुलींना या कामावर घेतलं होतं. हुद्दा तोच, 'कम्प्युटर'. टेबलावरचं आकडेमोडीचं यंत्र हाताशी धरूनसुद्धा एका गोळ्याचा एक मार्ग काढायला तीस-चाळीस तास लागायचे. आणि एका तोफेच्या कोष्टकाला असे शेकडो, कधी हजारो मार्ग लागायचे.

त्याच काळात हार्वर्डमध्ये मार्क वन नावाचं यंत्र १९४४ मध्ये चालू झालं. लांबी पन्नास फुटांहून जास्त. त्याला हुकूम द्यायचे ते भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर. हुकूम पुन्हा पुन्हा चालवायचे असतील तर काय करायचे माहीत आहे? पट्टीचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला चिकटवायचे. झालं कडं. पट्टी गोल फिरत राहायची आणि तेच हुकूम पुन्हा यंत्रात जायचे. इंग्रजीत लूप म्हणजे वेढा किंवा कडं. आज काळ्या पडद्यावर जो लूप आपण अक्षरांत लिहितो, तो तिथे डोळ्यांना दिसायचा, हाताला लागायचा. या यंत्रावर काम करणाऱ्यांत नौदलातली गणिताची प्राध्यापिका ग्रेस हॉपर होती. तिचं नाव पुढे पुन्हा येईल.

फिलाडेल्फियात सैन्यासाठी त्याहून वेगवान यंत्र बनत होतं. एनिअॅक. अठरा हजारांच्या आसपास काचेच्या नळ्या, खोली भरून टाकणारं धूड. ते चालवायला, म्हणजे त्याला काम सांगायला, हातानं गणित करणाऱ्या मुलींतून सहाजणी निवडल्या. त्यांची नावं आम्ही मुद्दाम सावकाश वाचतो आहोत. कॅथलीन मॅकनल्टी. फ्रान्सिस बिलास. बेटी जीन जेनिंग्ज. बेटी स्नायडर. रूथ लिश्टरमन. मार्लिन वेस्कॉफ.

यांना शिकवायला कुणी नव्हतं. प्रोग्राम कसा करायचा याचं पुस्तक नव्हतं. यंत्र गुप्त, म्हणून सुरुवातीला यंत्राच्या खोलीत जायचीही परवानगी नव्हती. हातात दिले ते जोडणीचे नकाशे. त्यावरून त्यांनी यंत्र समजून घेतलं. कमांड टाइप करायची सोय तेव्हा नव्हती. जाड वायरी या खाचेतून काढून त्या खाचेत घालायच्या, बटणं फिरवून आकडे लावायचे, हाच हुकूम. त्या यंत्रात एक भाग खास फेऱ्यांसाठी होता. कुठलं काम किती वेळा करायचं आणि संपलं की पुढे कुठल्या कामाकडे जायचं, हे तो मोजायचा.

फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिअॅक जगाला दाखवलं. बेटी जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर यांनी तोफगोळ्याचं गणित यंत्रावर बसवलं होतं. हातानं तीस-चाळीस तास लागणारं गणित यंत्रानं अर्ध्या मिनिटाच्या आत केलं. खरा गोळा डागला असता तर तो जमिनीवर पडायच्या आत उत्तर तयार. टाळ्या पडल्या, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. त्या रात्री मोठी मेजवानी झाली. या सहाजणींना तिचं बोलावणं नव्हतं. पुढे चाळीसेक वर्षांनी कॅथी क्लाइमन नावाच्या विद्यार्थिनीनं यंत्राजवळ उभ्या असलेल्या बायकांचे जुने फोटो पाहिले आणि या कोण म्हणून चौकशी केली. तिला उत्तर मिळालं, यंत्र शोभून दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल आहेत. तिचा त्यावर विश्वास बसला नाही. तिनं त्यांना शोधून काढलं, त्यांच्या तोंडून हकिगत नोंदवून घेतली, म्हणून आज ही नावं आम्हाला वाचता आली. १९९७ मध्ये त्यांचा मोठा सन्मान झाला. तोवर पन्नास वर्षं उलटून गेली होती.

मैत्रिणींनो, या सहाजणींनाच यंत्राला काम का सांगता आलं? त्या हुशार होत्या हे तर आहेच. पण दुसरंही कारण आहे. ते गणित त्यांनी स्वतः हातानं शेकडो वेळा केलेलं होतं. कुठली कृती आधी, कुठली नंतर, कुठे आकडा बदलतो, कुठे थांबायचं, हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. तेच तेच काम करणाऱ्याला लोक कमी लेखतात. पण त्या कामाची खडान्खडा माहिती असते ती त्यालाच. वरून कोष्टक मागवणाऱ्या अधिकाऱ्याला ते पायरीपायरीनं यंत्राला सांगता आलं नसतं.

युद्धानंतर गोष्ट झपाट्यानं पुढे गेली. वायरी ओढण्यापेक्षा शब्दांत हुकूम देता यावेत, ही ग्रेस हॉपरची धडपड. माणसानं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा असा कार्यक्रम तिनं १९५२ मध्ये बनवला. १९५७ मध्ये आयबीएम कंपनीनं फोरट्रान ही भाषा आणली. तिच्यात फेऱ्यासाठी एकच शब्द होता, 'डू', म्हणजे कर. ती बनवणाऱ्या मूळ गटात लोइस हेट नावाची एकच तरुणी होती. प्रोग्राम कुठल्या वाटेनं जाईल, कुठला भाग किती वेळा फिरेल, हे आधीच तपासणारा भाग तिनं केला. युरोपात तेव्हा झुरिकचे हाइन्झ रुटिशाउझर फेऱ्यासाठी जर्मन भाषेतला 'फ्यूर' हा शब्द वापरत होते. इंग्रजीत तोच झाला 'फॉर'. आपल्या इथे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशात बनलेला संगणक १९६० मध्ये चालू झाला. पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याला टिफ्रॅक असं नाव दिलं.

आता काळ्या पडद्याकडे येऊ. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची व्यवस्था सुरू केली. माणूस टाइप करतो, यंत्र उत्तर देतं, अशी तिची रीत. हुकूम ऐकणाऱ्या तिच्या भागाला शेल म्हणतात. शेल म्हणजे कवच, नारळाच्या करवंटीसारखं. आत यंत्राचा गाभा, बाहेर करवंटी, आणि आपण बोलतो ते करवंटीशी. १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचा शेल आला, त्यात फेरा लिहायला 'फॉर' आणि 'डू' होते आणि संपलं हे सांगायला 'डन'. आजच्या लिनक्समध्ये तीच रीत चालते. इकडे आयबीएमचा घरगुती कम्प्युटर १९८१ मध्ये बाजारात आला, त्यावर मायक्रोसॉफ्टची डॉस ही व्यवस्था होती. दोन वर्षांनी डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत 'फॉर' आलं. पुढे विंडोजमध्ये त्याला 'एल'ची जोड मिळाली, आणि सुरुवात, पायरी, शेवट असे तीन आकडे देऊन फेरा फिरवता येऊ लागला. आपली वीस फोल्डरांची ओळ ती हीच. ल्योंच्या मागावरच्या ओवलेल्या कार्डांपासून ती इथवर आली आहे.

या तीन आकड्यांत सगळ्यात महत्त्वाचा शेवटचा. शेवट चुकला की काय होतं त्याचं एक खरं उदाहरण सांगतो. गाणी ऐकायचं झून नावाचं एक छोटं यंत्र मायक्रोसॉफ्ट कंपनी विकायची. ३१ डिसेंबर २००८ ला त्याच्या एका मॉडेलची यंत्रं ठिकठिकाणी एकदम गोठली. कारण काय? २००८ हे लीप वर्ष, दिवस ३६६. आतल्या घड्याळातला एक फेरा दिवस मोजून साल काढायचा. उरलेले दिवस ३६५ पेक्षा जास्त असतील तर फिरत राहा, असा हुकूम होता. ३६६ व्या दिवशी फेरा फिरत राहिला, पण त्या दिवशी काय वजा करायचं हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. आकडा कमी होईना, म्हणून फेरा थांबेना. बॅटरी संपेपर्यंत ते यंत्र फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी नवं साल लागलं आणि चार्ज केल्यावर यंत्रं पूर्वीसारखी चालली. यंत्र थकत नाही आणि कंटाळत नाही. 'बाई, हे काहीतरी चुकतंय' असं ते म्हणतही नाही. बरोबर सांगितलं तर बरोबर वीस वेळा, चूक सांगितलं तर तीच चूक वीस हजार वेळा.

म्हणून काळ्या पडद्यावर काम करणाऱ्या मुलींना आमच्या चार सूचना. पहिली, खरा हुकूम देण्याआधी त्या जागी 'एको' लिहून पाहा. 'एको' फक्त बोलून दाखवतं, करत काही नाही. कर्जाचा हिशोब असा तपासता येईल:

फॉर /एल %आय इन (१००००,-१०००,१०००) डू एको %आय

पडद्यावर दहा आकडे ओळीनं येतील. दहा हजार, नऊ हजार, आठ हजार, शेवटी एक हजार. नोंदवहीतल्या बाकीशी ताडून पाहा. दुसरी सूचना, फेरा थांबत नाही असं दिसलं तर कंट्रोल आणि सी ही दोन बटणं एकत्र दाबा. तिसरी, हीच ओळ फाइलमध्ये साठवून चालवायची असेल तर टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहावं लागतं. चौथी आणि सगळ्यात जपायची, फायली पुसून टाकायचा हुकूम फेऱ्यात घालू नका. घालावाच लागला तर आधी सगळ्याची दुसरी प्रत दुसरीकडे ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला हे सगळं कशाला? आम्ही काय प्रोग्रामर होणार आहोत?

आमचं म्हणणं असं. गटाची पंचसूत्री बघा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, चोख हिशोब. हे सगळे फेरेच आहेत आणि ते तुम्ही वर्षानुवर्षं फिरवत आला आहात. आता नोंदवह्या कम्प्युटरवर आणि मोबाइलवर चालल्या आहेत. उद्या व्याजाचा आकडा यंत्र काढेल, हप्ता यंत्र सांगेल. तेव्हा "कम्प्युटरनंच काढलंय" असं म्हणून कुणी कागद पुढे सरकवला तर आपण गप्प बसायचं का? नाही. कम्प्युटर आपल्या मनानं काहीच काढत नाही. त्याला कुणीतरी सुरुवात, पायरी आणि शेवट सांगितलेला असतो. ज्या बाईनं दहा हप्त्यांचं व्याज एकदा तरी बोटांवर मोजलं आहे, तिला विचारता येतं, सुरुवात कितीपासून धरली? दर महिन्याला किती कमी केलं? कुठे थांबवलं? या तीन प्रश्नांना कम्प्युटर यावा लागत नाही, हिशोब यावा लागतो.

आणि आपल्या मुलींचं म्हणाल, तर त्यांना नुसतं डेटा भरायला बसवू नका. एकच अर्ज दोनशे वेळा भरणं हे फ्रान्समधल्या दोऱ्या ओढणाऱ्या पोराचं काम झालं. तेच दोनशे अर्ज कसे भरायचे हे एका ओळीत यंत्राला सांगणं, हे त्या सहाजणींचं काम. दोन्ही कामं एकाच खोलीत, एकाच टेबलावर चालतात. मुलगी अर्ज भरता भरता "यातलं तेच तेच काय आहे?" असं विचारू लागली, की ती पहिल्या कामाकडून दुसऱ्याकडे निघाली असं समजा. तिला दोन तास काळ्या पडद्यासमोर बसू द्या, चुकू द्या, 'एको' करून पाहू द्या. आणि तिनं काही करून दाखवलं तर गटाच्या इतिवृत्तात तिचं पूर्ण नाव लिहा. आद्याक्षरं नकोत.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. गटातल्या एका कर्जाचं व्याज सगळ्यांनी मिळून हातानं काढा, मग ते कम्प्युटरवरच्या आकड्याशी लावून बघा. जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर सुरुवात, पायरी, शेवट विचारा, आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात आम्ही ते वाचून दाखवू.

तोवर सगळ्यांना नमस्कार.